लाईन तीच, राउटर तोच, मग सिस्टीम बदलल्यावर वेग कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षे जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होती. तिचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसत नाही, म्हणून लिनक्स बसवली. इंटरनेटची लाईन २०० मेगाबिटची आहे. पूर्वी याच लॅपटॉपवर वाय-फायने १५० ते १६० मेगाबिट मिळत असत, आता आकडा ३५ ते ३८ च्या वर जात नाही. त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर फोनला मात्र १८० मिळतात. लिनक्स एकदा पुसून पुन्हा बसवली, तरी फरक पडला नाही. आता सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवावी, नवा राउटर घ्यावा की मुकाट्याने विंडोजकडे परतावे, असे विचारले आहे.

या तिन्हींपैकी काहीही आज करू नका. फोनला १८० मिळतात याचा अर्थ लाईन निर्दोष आहे आणि राउटरही बहुतांशी निर्दोष आहे. सिस्टीम पुन्हा बसवूनही आकडा तसाच राहिला, यात नवल नाही, कारण दुसऱ्या वेळीही तोच ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आणि त्याच मूळ सेटिंग्ज आल्या. संगणक आणि राउटर प्रत्येक वेळी जोडले जाताना आपसांत एक बोलणी करतात: कोणत्या बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) बोलायचे, किती रुंद चॅनेल घ्यायचे, किती अँटेना वापरायच्या, कोणते कूटलेखन ठेवायचे. संगणकाच्या बाजूने ही बोलणी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर करतो. सिस्टीम बदलली म्हणजे बोलणी करणारा माणूस बदलला. जुन्याने मिळवलेल्या सवलती नव्याला मिळतीलच असे नाही, आणि सिस्टीम बदलल्यावर मंदावलेल्या वेगाची जी प्रकरणे मी पाहिली, त्यांतील बहुसंख्य याच एका जागी येऊन थांबली.

तरीही आधी मोजमाप नीट झाले पाहिजे, कारण चुकीच्या आकड्यावरून केलेला शोध दिवसचे दिवस खातो. पहिली गफलत एककांची असते. जुनी सिस्टीम डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवत होती की मेगाबिटमध्ये, हे आठवून पाहा. ८ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० मेगाबिटची लाईन डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट दाखवते आणि ते अगदी योग्य असते. तुमच्या बाबतीत दोन्ही आकडे मेगाबिटचे आहेत, म्हणून ही शंका इथेच सोडतो.

दुसरी गफलत वेळेची. नवी सिस्टीम पहिले एक-दोन दिवस स्वतःच्याच कामात बुडालेली असते. अपडेट उतरत असतात, फायलींची सूची बनत असते, आणि क्लाउडवरचा साठा पुन्हा जुळवला जात असतो. यांतला शेवटचा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो डाउनलोड नव्हे तर अपलोड भरून टाकतो. डाउनलोड करतानाही प्रत्येक टप्प्याची पोच आपल्या संगणकाला परत पाठवावी लागते. अपलोडची अरुंद वाट हजारो छायाचित्रांनी तुंबली की त्या पोचपावत्या राउटरच्या रांगेत अडकतात आणि समोरचा सर्व्हर पाठवण्याचा वेग आपोआप कमी करतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र डाउनलोडच मंद झाल्याचे दिसते. विंडोज ११ कडे गेलेल्यांनी यासोबत अपडेटच्या सेटिंग्जमधील 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'ही पाहावे. इंटरनेटवरील इतर संगणकांना अपडेट पुरवण्याची मुभा तिथे दिलेली असेल, तर तुमची अपलोडची वाट परक्या संगणकांसाठी वापरली जाऊ शकते. मॅकवर नव्या आवृत्तीनंतर फोटोंची जुळवणी आणि स्पॉटलाइटची सूची असाच काळ घेते. म्हणून मोजण्यापूर्वी सिस्टीम मॉनिटर उघडा, नेटवर्कचा आलेख स्थिर शून्याजवळ आहे याची खात्री करा आणि मगच चाचणी घ्या.

चाचणी एकाच जागी बसून, एकाच सर्व्हरवर, किमान तीनदा घ्यावी. मात्र इंटरनेटचा वेग हा शेवटचा आकडा आहे आणि त्याच्या आधीचे दोन आकडे माहीत नसतील तर तो मुका असतो. पहिला आकडा म्हणजे लिंक स्पीड, म्हणजे संगणक आणि राउटर यांच्यातील बोलणीत ठरलेला दर. दुसरा म्हणजे घरातल्या घरात, राउटरला केबलने जोडलेल्या दुसऱ्या संगणकापर्यंत मिळणारा प्रत्यक्ष वेग. 'आयपर्फ ३' हे मोफत साधन दोन्ही संगणकांवर चालवले की तो मिनिटभरात मोजता येतो. तिसरा आकडा इंटरनेटचा. लिंक स्पीडच कमी असेल तर दोष ड्रायव्हर, चॅनेल किंवा केबल यांत आहे. लिंक स्पीड चांगला पण घरातला वेग कमी असेल तर वीजबचत, अडथळा किंवा मध्ये बसलेले एखादे सॉफ्टवेअर यांच्याकडे पाहावे. पहिले दोन्ही उत्तम आणि फक्त तिसरा कमी, असे असेल तर पुढे ज्या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा), एमटीयू (माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार) वगैरे गोष्टींबद्दल लिहिले आहे त्यांची पाळी येते.

लिंक स्पीड पाहणे सोपे आहे. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू' हे साधन चालू जोडणीची माहिती मागितल्यावर वारंवारता, सिग्नलची ताकद, पाठवण्या-घेण्याचा दर आणि चॅनेलची रुंदी सगळे एकत्र देते. विंडोजवर वाय-फायच्या गुणधर्मांत हे दिसते. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की पुरे. वाय-फायवर प्रत्यक्ष वेग लिंक स्पीडच्या साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश असतो, कारण तिथे एकाच हवेत आळीपाळीने बोलावे लागते. केबलवर असा तोटा नसतो.

आता तुमचे आकडे घेऊ, कारण ते बरेच काही सांगत आहेत. पूर्वीचे १५० ते १६० आणि आताचे ३५ ते ३८ यांच्यात जवळजवळ चारपटीचा फरक आहे. २.४ गिगाहर्ट्झ बँडवर, ८०२.११ एन या २००९ च्या मानकात, दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल असेल तर लिंक स्पीड ३०० असतो, आणि त्याचा निम्मा म्हणजे तुमचा जुना आकडा. रुंदी २० वर आली की दर निम्म्याहून थोडा खाली, १४४ वर येतो. त्यातून एक अँटेना कमी झाली की उरतात ७२. त्याचा निम्मा म्हणजे तुमचा आजचा आकडा. फोनला १८० मिळतात कारण तो बहुधा ५ गिगाहर्ट्झवर आहे. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण लिंक स्पीड ७२ च्या आसपास दिसला तर शोध याच वाटेने न्यावा. तो ५४ दिसला असता तर मी वेगळीकडे बोट दाखवले असते, आणि ते खाली येईलच.

रुंदी का घटते, याचे उत्तर गमतीचे आहे. २.४ गिगाहर्ट्झचा बँड अरुंद आणि गजबजलेला आहे. शेजारची नेटवर्क आपल्या चॅनेलवर चढत असतील तर ४० वरून २० वर उतरावे, असा मानकाचा नियमच आहे. अनेक जुने ड्रायव्हर हा नियम धाब्यावर बसवून रुंद चॅनेल बळकावत असत. नवा ड्रायव्हर नियम पाळतो, आणि त्याच्या सभ्यपणाची किंमत तुम्ही मोजता. इथे नव्या ड्रायव्हरला दोष देणे मला पटत नाही. दाट वस्तीत ४० मेगाहर्ट्झचा हट्ट शेजाऱ्यांचेही बिघडवतो आणि आपलेही. खरा उपाय ५ गिगाहर्ट्झवर जाण्याचा आहे.

त्यासाठी आधी कार्ड ५ गिगाहर्ट्झचे आहे का ते पाहा. लिनक्सवर पीसीआय उपकरणांची, म्हणजे आत बसवलेल्या कार्डांची, यादी कार्डाचे नाव आणि त्याला लागलेला ड्रायव्हर दोन्ही सांगते. कार्ड दोन्ही बँडचे निघाले, तर प्रश्न निवडीचा आहे. अनेक राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कोणत्या बँडवर जायचे याचा निर्णय शेवटी ड्रायव्हर घेतो. लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या जोडणीच्या सेटिंग्जमध्ये बँड ठरवून देता येतो. तो ५ गिगाहर्ट्झवर बांधून पुन्हा जोडणी करा. अनेक वेळा सगळा प्रश्न इथेच सुटतो आणि मग पुढचे सगळे वाचण्याची गरज उरत नाही.

५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसतच नसेल तर देशाचा कोड तपासा. कोणत्या देशात कोणत्या चॅनेलवर किती शक्तीने बोलावे, याचे नियम वेगळे आहेत. नव्या सिस्टीमला आपण कुठे आहोत हे कळले नाही तर ती 'संपूर्ण जग' असा सावध पर्याय धरते आणि पुष्कळशा चॅनेलवर स्वतःहून हाक न मारता नुसती कान देऊन थांबते. भलताच देश धरला गेला तर २.४ गिगाहर्ट्झमधील १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनेल दिसेनासे होतात. राउटर नेमका त्यांवर बसला असेल, तर फोनला दिसणारे नेटवर्क संगणकाला दिसत नाही, असा प्रकार घडतो. योग्य देशाचा कोड दिल्यावर सगळे जागच्या जागी येते.

अँटेना कमी होण्यामागे मात्र बहुधा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) असते. वाय-फाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो, आणि चालू होताना सिस्टीमकडून त्याला त्याचे फर्मवेअर पुरवावे लागते. ती फाइल नसेल तर कार्ड मुळीच चालत नाही. जुनी असेल तर कार्ड चालते, पण लंगडत. डेबियन या लिनक्सच्या एका डिस्ट्रोने (वितरणाने) २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून असे मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले. त्याआधी नवख्या माणसाची पहिली ठेच इथेच लागत असे. कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, नोंदी उघडून त्यांत 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. फाइल सापडली नाही किंवा जुनी आवृत्ती वापरली, अशी ओळ दिसली तर फर्मवेअरचे पॅकेज अद्ययावत करून यंत्र पुन्हा चालू करा. काही कार्डांसाठी मुक्त आणि उत्पादकाचा असे दोन ड्रायव्हर उपलब्ध असतात. उबंटूसारख्या डिस्ट्रोत 'अतिरिक्त ड्रायव्हर' या खिडकीत त्यांतून निवड करता येते, आणि दोन्ही वापरून मोजून पाहावे, कारण कोणता चांगला हे कार्डागणिक बदलते. कमी किमतीच्या काही लॅपटॉपांत कार्डाला दोन अँटेनांची जागा असते पण जोडलेली एकच असते. ड्रायव्हरने चुकून रिकाम्या जागेची निवड केली की राउटरच्या शेजारी बसूनही सिग्नल क्षीण दिसतो. असे दिसल्यास त्या ड्रायव्हरच्या पर्यायांत अँटेना बदलण्याची सोय आहे का, ते पाहावे.

वीजबचतीचा उल्लेख केला नाही तर उत्तर अपुरे राहील. अनेक डिस्ट्रो लॅपटॉपच्या वाय-फायची वीजबचत मुळातच चालू ठेवतात. कार्ड दोन वेळांच्या मध्ये डुलकी घेते आणि राउटरला त्याच्यासाठी माहिती राखून ठेवावी लागते. चांगल्या ड्रायव्हरमध्ये हे जाणवत नाही, पण वाईट ड्रायव्हरमध्ये वेग हिंदकळतो आणि पिंगच्या, म्हणजे छोटा संदेश जाऊन उत्तर येण्याच्या, वेळा २ मिलिसेकंदांवरून २०० वर उड्या मारतात. राउटरलाच पिंग करून पाहा. आकडे एकसारखे नसतील तर वीजबचत बंद करून पुन्हा मोजा. त्याच वेळी ब्लूटूथचा हेडफोन बाजूला ठेवा, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलते आणि दोघांत वाटणी नीट न झाल्यास वाय-फायचे नुकसान होते. यूएसबी ३ ची बाह्य डिस्कही याच बँडमध्ये गोंगाट करते. सिस्टीम बदलताना जुनी माहिती परत आणण्यासाठी ती डिस्क नेमकी तेव्हाच जोडलेली असते, हा योगायोग मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता तिच्याबद्दल आधीच विचारतो.

आता ५४ ची गोष्ट. लिंक स्पीड ५४ वर अडकला आणि प्रत्यक्ष वेग वीस-बावीसच्या पुढे जात नसेल, तर राउटरचे कूटलेखन पाहावे. जुने टीकेआयपी किंवा त्याहून जुने वेप वापरल्यास ८०२.११ एन आणि त्यापुढचे दर देण्यास मानकाने मनाई केलेली आहे. राउटरवर डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए २ या सुरक्षा-पद्धतींचे मिश्रण ठेवलेले असेल तर फोन नवे एईएस कूटलेखन निवडतो, तर संगणकाचा नवा ड्रायव्हर टीकेआयपीवर राहू शकतो. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए २ एईएस किंवा डब्ल्यूपीए ३ ठेवा. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे. राउटरमधील डब्ल्यूएमएम हा (वाहतुकीला प्राधान्यक्रम देणारा) पर्याय कोणी बंद केला असेल तर तोही चालू करा, कारण एनचे दर त्यावर अवलंबून आहेत.

केबलने जोडणाऱ्यांसाठी एक आकडा पाठ करण्यासारखा आहे: ९४. वेगचाचणी वारंवार ९४ मेगाबिटवर येऊन थांबत असेल, तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर झाली आहे हे जवळजवळ नक्की समजा. गिगाबिटवर हाच आकडा ९४० च्या आसपास असतो. १०० मेगाबिटला केबलमधील तारांच्या दोन जोड्या पुरतात, पण गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली तरी जोडणी न कुरकुरता १०० वर उतरते आणि तसे कोणाला सांगतही नाही. माझ्याकडे आलेल्या एका संगणकावर मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलत बसलो होतो. नवी सिस्टीम बसवण्यासाठी तो टेबलाखालून ओढून काढला होता, आणि त्या ओढाताणीत केबलच्या टोकातील एक तार निसटली होती. तेव्हापासून मी आधी केबल बदलतो आणि मग विचार करतो.

केबलवर वेग अत्यंत कमी, म्हणजे एक-दोन मेगाबिटवर आला आणि मधूनच थोडा वाढत असेल, तर डुप्लेक्सची विसंगती शोधा. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे, हाफ म्हणजे आळीपाळीने. एका बाजूने '१०० फुल डुप्लेक्स' असे हाताने बांधून ठेवले आणि दुसरी बाजू आपोआप ठरवण्यावर असली, की दुसरीला समोरच्याचा डुप्लेक्स कळत नाही आणि ती हाफ धरते. मग दोघेही एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. दोन्ही बाजू 'आपोआप' ठेवणे हेच शहाणपणाचे. ज्यांनी विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवल्या आहेत त्यांच्यासाठी आणखी एक खाचखळगा आहे. विंडोज बंद होताना, संगणक दुरून जागा करता यावा म्हणून, काही कार्डांना १० मेगाबिटच्या मंद अवस्थेत सोडून जाते. त्यातच विंडोज ८ पासून आलेले फास्ट स्टार्टअप यंत्र पूर्ण बंद होऊच देत नाही. मग पाठोपाठ चालू केलेल्या लिनक्सला ते कार्ड अर्धवट झोपेतच हाती लागते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, यंत्र बंद करा आणि विजेची जोडणी काही क्षण काढून ठेवा. 'एथटूल' या लिनक्सच्या साधनाने पाहिलेला लिंक स्पीड त्यानंतर बदलला तर कारण सापडले.

आतापर्यंतची चर्चा वेगाची होती. पण अनेकांची तक्रार 'इंटरनेट मंद झाले' अशी असते आणि वेगचाचणी मात्र पूर्ण आकडा देते. पान उघडायला वेळ लागतो आणि एकदा सुरू झाले की झरझर येते. हे लक्षण बहुतेक वेळा डीएनएसचे असते. जुन्या सिस्टीममध्ये तुम्ही कधीतरी चांगला डीएनएस सर्व्हर हाताने दिला होता आणि विसरला होता. नवी सिस्टीम राउटर देईल तो मुकाट्याने घेते. लिनक्सवर विराम नेमका पाच सेकंदांचा असेल तर ते आणखी नेमके लक्षण आहे. सिस्टीम जुन्या आयपीव्ही ४ आणि नव्या आयपीव्ही ६ या दोन्ही प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांची विचारणा एकदम करते, काही राउटर त्यांपैकी एकाच विचारणेला उत्तर देतात, आणि उरलेल्या उत्तराची वाट पाहण्याची मूळ मर्यादा पाच सेकंद आहे. या दोन विचारणा एकामागून एक कराव्यात, असा पर्याय डीएनएसच्या संरचना फायलीत देता येतो. बिघडलेल्या आयपीव्ही ६ मुळेही असेच थांबे येतात. ब्राउझर आता पाव सेकंदात दुसरी वाट धरतात, पण इतर कार्यक्रम तितके चपळ नसतात. आयपीव्ही ६ तात्पुरते बंद करून पाहणे ही चांगली चाचणी आहे, मात्र तो कायमचा उपाय करू नये. दोष राउटरच्या संरचनेत असतो आणि तिथेच दुरुस्त व्हावा.

जवळचे सर्व्हर वेगवान आणि दूरचे फार मंद, असे दिसल्यास टीसीपीच्या (माहिती पोच घेत घेत पाठवण्याच्या इंटरनेटच्या नियमांच्या) खिडकीचा विचार करावा. पोच न मिळता एका वेळी किती माहिती वाटेत असू शकते, याची मर्यादा म्हणजे ही खिडकी. ती वाढवण्याची सोय १९९२ पासून आहे. ती बंद असेल तर मर्यादा ६५,५३५ बाइटची राहते. सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास १० मिलिसेकंद लागत असतील तर यातून ५२ मेगाबिट निघतात, पण १०० मिलिसेकंद लागत असतील तर जेमतेम ५.२. लाईन कितीही मोठी असली तरी हे बदलत नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या आणि आजची लिनक्स ही खिडकी स्वतःच जुळवतात, म्हणून ताज्या सिस्टीमवर हा दोष सहसा नसतो. तो येतो 'इंटरनेट वेगवान करणारी' सॉफ्टवेअर साधने चालवल्यावर. त्यांनी बदललेल्या सेटिंग्ज जुन्या सिस्टीमवरून नव्या आवृत्तीत तशाच पुढे येतात. विंडोज आपल्या वेगातील २० टक्के स्वतःसाठी राखून ठेवते, हा समजही याच कुळातला आहे. ती मर्यादा फक्त खास मागणी करणाऱ्या कार्यक्रमांसाठी असते, आणि कोणी मागणी केली नाही तर सगळा वेग सर्वांना मिळतो. ती शून्य केल्याने काहीही वाढत नाही.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट अडकून राहतात, असे असेल तर एमटीयू पाहावा. साधारण जोडणीत एका पाकिटाचा कमाल आकार १५०० बाइट असतो, तर पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड देऊन पुरवठादाराशी जोडण्याच्या पद्धतीवर) ८ बाइट शीर्षकात जाऊन १४९२ उरतात. पूर्वी संगणकच लाईनशी थेट बोलत असेल आणि ती सेटिंग नव्या सिस्टीममध्ये आली नसेल, तर मोठी पाकिटे वाटेत गळतात. तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचे पिंग पाठवा. ते अडले आणि १४६४ चे गेले, तर एमटीयू १४९२ ठेवावा. व्हीपीएन वापरणाऱ्यांनी ही चाचणी व्हीपीएन बंद करून आणि चालू करून, दोन्ही प्रकारे करावी.

विंडोज १० वरून थेट विंडोज ११ वर चढलेल्यांना वेगळा धोका असतो. स्वच्छ न बसवता वरून चढवलेल्या सिस्टीममध्ये जुन्या अँटिव्हायरसचे, व्हीपीएनचे आणि मदरबोर्डसोबत आलेल्या 'गेमिंग' नेटवर्क व्यवस्थापकांचे गाळणी ड्रायव्हर तसेच राहतात. मूळ कार्यक्रम काढून टाकला तरी ती गाळणी प्रत्येक पाकीट तपासत बसते. आधी ते कार्यक्रम त्यांच्या उत्पादकाच्या काढणी साधनाने पूर्ण काढा, आणि तरीही सुधारले नाही तर सेटिंग्जमधील 'नेटवर्क रीसेट' वापरा. त्याने सगळी कार्डे नव्याने बसवली जातात, जपून ठेवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावे लागते, म्हणून ते हातात काही नोंदी ठेवूनच करावे.

राउटरमध्येही एकदा डोकावून पाहा. नव्या सिस्टीम गोपनीयतेसाठी वाय-फायचा पत्ता (ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो तो मॅक पत्ता) बदलून वापरू शकतात. जुन्या पत्त्यावर तुम्ही प्राधान्य दिले असेल, किंवा अनोळखी उपकरणांवर वेगमर्यादा घातली असेल, तर राउटरच्या दृष्टीने तुमचा लॅपटॉप आज पहिल्यांदाच आलेला पाहुणा आहे.

सर्व तपासून झाल्यावरही शंका उरली तर सर्वांत निर्णायक चाचणी म्हणजे पेन ड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह लिनक्स. डिस्कला हात न लावता यंत्र तिच्यावर चालू होते. तुमच्याकडे लिनक्सच आहे, म्हणून अधिक नव्या कर्नलची दुसरी एखादी डिस्ट्रो घ्या. विंडोजवाल्यांनी कोणतीही घ्यावी. तिच्यात वेग परतला तर हार्डवेअर सुटले आणि बसवलेल्या सिस्टीममध्ये दोष नक्की झाला. परतला नाही तर केबल, अँटेना किंवा कार्ड यांच्याकडे वळा. ही चाचणी मी लोकांना शेवटी सांगतो खरा, पण स्वतः काम करताना बरेचदा तिनेच सुरुवात करतो.

कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचे निघाले, तर फर्मवेअर नीट करून तुम्हाला १४४ चा लिंक स्पीड, म्हणजे प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी मेगाबिट मिळू शकतील. जुने १५० मात्र शेजाऱ्यांच्या चॅनेलवर चढूनच मिळत होते. त्याहून अधिक हवे असल्यास केबल लावा, किंवा दोन्ही बँडचे यूएसबी वाय-फाय कार्ड घ्या. घेताना खोक्यावरचा वेग न पाहता आतल्या चिपचे नाव पाहा आणि तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहे याची खात्री करा. वेगळा बसवावा लागणारा ड्रायव्हर कर्नलच्या पुढच्या अपडेटनंतर तुम्हाला पुन्हा इथेच आणून उभा करेल. पुरवठादाराकडे तक्रार नोंदवण्याची वेळ फक्त तेव्हा येईल, जेव्हा चांगल्या केबलने, गिगाबिट लिंकवर, इतर सगळी उपकरणे बंद ठेवूनही दोन वेगवेगळ्या संगणकांवर २०० च्या जागी बरेच कमी मिळेल. तुमच्या फोनचा १८० चा आकडा पाहता ती वेळ आलेली नाही. लिंक स्पीड, बँड आणि कार्डाला लागलेल्या ड्रायव्हरचे नाव एवढे तीन तपशील कळवलेत, तर नेमका कोणता पर्याय बदलायचा हे सांगता येईल.